राहतोस कुठे?

लोअर परळच्या ऑफिसात नवा मुलगा रुजू होतो. चहाच्या वेळी कोणीतरी विचारतं, राहतोस कुठे? तो ‘वाळकेश्वर’ म्हणतो, म्हणजे श्रीमंतांची वस्ती, आणि बाकीचे एकमेकांकडे बघतात. झालं! पुढे त्याने काहीही चांगलं केलं, तरी ते वडिलांच्या खात्यावर जमा होतं.

हा संशय ‘नेपो किड’ (आईबापांच्या जोरावर पुढे आलेलं मूल) या शब्दाच्या कितीतरी आधीचा, गिरण्यांच्या काळातला आहे. १८७८ मध्ये सोराबजी शापुरजी बंगाली या श्रीमंत पारशी गृहस्थांनी गिरणी कामगारांसाठी कायद्याचा मसुदा केला, तेव्हा गिरणीमालकांनी आणि बऱ्याच देशी पत्रांनी नाक मुरडलं. कारण असा कायदा इंग्लंडातल्या मँचेस्टरच्या कापड गिरणीवाल्यांनाही हवा होता, मुंबईच्या गिरण्यांना वेसण म्हणून. १८८१ चा कायदा निघाला तो तोकडाच. सात वर्षांखालचं मूल कामावर घेऊ नये, मोठ्यांच्या कामाच्या तासांना मात्र काहीच मर्यादा नाही.

पुढे कामगारांचे पुढारीही बहुतेक पांढरपेशेच निघाले. ना. म. जोशी मूळचे शिक्षक. त्यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली, १९२० मध्ये आयटक या देशव्यापी कामगार संघटनेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. १९२९ मध्ये डाव्यांशी मतभेद होऊन ते बाहेर पडले. त्या डाव्यांतले श्रीपाद अमृत डांगे काही गिरणीतल्या साच्यावरून, म्हणजे मागावरून, उठून आले नव्हते. १९८२ च्या गिरणी संपाचे पुढारी दत्ता सामंत तर डॉक्टर.

जन्म बघून माणूस तोलायची खोड खुद्द कामगारांतही होती, आणि तिथे तिची किंमत जबर होती. मागावरच्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. विटाळाच्या नावाखाली सवर्ण कामगार अस्पृश्यांना विणकाम खात्यात येऊ देत नसत, आणि चांगला पगार त्याच खात्यात. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा अन्याय मांडला. संप समितीने ती मागणी घेतली, पण मनापासून नव्हे. वाळकेश्वरच्या मुलाला टोमणे बसतात, पगार कापला जात नाही. दोन्ही एका मापाने मोजता येत नाहीत, हे माझं मत.

जोशींचं नाव नंतर डिलाईल रोडला दिलं. त्या ऑफिसातली अर्धी माणसं रोज त्याच रस्त्याने येतात आणि टॅक्सीवाल्याला सांगतात, डिलाईल रोड.