एमआरआयमधली प्रत्येक गाठ कॅन्सर नसते

‘एमआरआयमध्ये डोक्यात गाठ निघाली’ एवढं कानावर पडलं की घरात रडारड सुरू होते. गाठ म्हणजे कॅन्सर आणि एमआरआय म्हणजे शेवटचा निकाल, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. दोन्ही चूक.

एमआरआयच्या वेळी गॅडोलिनियम या रंगद्रव्यासारख्या औषधाचं (कॉन्ट्रास्टचं) इंजेक्शन दिल्यावर, रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर जिथे कमजोर झालेला असतो तिथे पांढरी कडा चमकते. ही बांगडीसारखी कडा ग्लिओब्लास्टोमात, म्हणजे मेंदूच्या एका आक्रमक कॅन्सरमध्ये दिसते, तशीच टीबीच्या गाठीत, पुवाच्या गळवात आणि फीतकृमीच्या अंड्यांमुळे होणाऱ्या न्यूरोसिस्टिसर्कोसिसमध्येही दिसते. मोठ्या माणसाला पहिल्यांदाच फिट आली की आपल्याकडचे डॉक्टर हे शेवटचं कारणही आवर्जून तपासतात. आणि हो, हा आजार शाकाहारी माणसालाही होतो. फीतकृमीची अंडी नीट न धुतलेल्या भाजीतूनही पोटात जातात.

रेडिओलॉजिस्ट मग बारकावे शोधतो. बांगडीच्या आत टाचणीच्या टोकाएवढा ठिपका, म्हणजे अळीचं डोकं, दिसला की निदान जवळजवळ पक्कं. डिफ्यूजनच्या चित्रात, म्हणजे पाण्याचे रेणू किती मोकळे हलतात हे दाखवणाऱ्या एमआरआयच्या प्रकारात, पू सहसा लख्ख पांढरा दिसतो, ट्यूमरचा मेलेला गाभा बहुधा नाही. मेंदूच्या आवरणाला चिकटलेली मेनिन्जिओमा नावाची गाठ तर बहुतेकदा कॅन्सर नसतेच.

ग्लिओमाचा, म्हणजे मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींपासून होणाऱ्या ट्यूमरचा संशय असला तरी त्याची नेमकी जात ठरते ती बायोप्सीत, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीत. डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या वर्गीकरणात आयडीएच जनुकातला बदल तपासल्याशिवाय प्रौढांतल्या पसरणाऱ्या ग्लिओमाला पक्कं नावच मिळत नाही. रिपोर्टच्या तळाशी ‘ग्लिओमा?’ असं लिहिलेलं असतं. घरी येईपर्यंत त्यातलं प्रश्नचिन्ह गळून पडतं.