शेवाळ लागलेली स्क्रीन

स्क्रीन प्रिंटिंगसाठी घरी केलेली पहिली स्क्रीन, म्हणजे चौकटीवर ताणलेली जाळी, बाथरूममध्ये धुतली तेव्हा अक्षरं सुरेख उघडली. पाण्याचा जोर जरा वाढवला आणि 'शु'चा उकार सुटला. मागोमाग अख्खी 'शुभेच्छा' मोरीत.

चौकट उलटी करून आतल्या बाजूने बोट फिरवलं, तर शेवाळासारखं बुळबुळीत. सगळं उत्तर तिथेच होतं.

जाळीवरचं इमल्शन, म्हणजे प्रकाशाने पक्का होणारा लेप, मुख्यतः पाण्यात विरघळणारं पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि त्यात मिसळलेलं सेन्सिटायझर, म्हणजे प्रकाश ओळखणारं रसायन. माझ्या डब्यात डायझो होतं. साधारण 350 ते 420 नॅनोमीटरचा, म्हणजे अतिनील आणि जांभळा प्रकाश पडला की डायझोतून नायट्रोजन सुटतो आणि पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना जखडल्या जातात. मग पाणी त्यांना सोडवू शकत नाही. वर ठेवलेल्या पारदर्शक फिल्मवरच्या काळ्या अक्षरांखाली मात्र प्रकाश पोचत नाही. तेवढा भाग मऊच राहतो, धुऊन जातो आणि पुढे तिथूनच शाई उतरते.

आता गोम अशी, की प्रकाश येतो छापायच्या बाजूने. वाटेतलं डायझो तो पीत जातं, त्यामुळे स्क्वीजीच्या, म्हणजे शाई ओढायच्या रबरी पट्टीच्या बाजूचा थर सगळ्यात शेवटी पक्का होतो. माझी स्क्रीन वरून खरपूस, आतून कच्च्या थालिपिठासारखी होती. त्यातून मी ती पांढऱ्या एलईडी बल्बखाली अर्धा तास ठेवलेली! त्या बल्बचा निळा प्रकाश 450 नॅनोमीटरच्या आसपास, अतिनील जवळजवळ नाहीच. डोळ्यांना लख्ख, इमल्शनला तिन्हीसांज.

ऊन उत्तम, पण लहरी. ढग आला की हिशेब चुकला. म्हणून 395 नॅनोमीटरचा दिवा आणला. तो लहान असेल आणि अंतर दुप्पट केलं, तर प्रकाश चौथाई होतो; वेळ चौपट द्यावा लागतो.

वेळ मात्र कुणाला विचारून कळत नाही, पट्ट्या पाडूनच कळतो. बारीक रेषांची फिल्म शाईची बाजू इमल्शनला टेकेल अशी ठेवायची, वर जड काच. मग पुठ्ठ्याने दर मिनिटाला दोन बोटं झाकत जायचं, म्हणजे पहिल्या पट्टीला एक मिनिट, दुसरीला दोन. धुतल्यावर पहिल्या दोन पट्ट्या माझ्या वाहून गेल्या, तिसरी मागून चिकट. पाचवीत केसासारख्या रेषा बुजल्या, कारण पांढऱ्या धाग्यांत प्रकाश विखुरतो आणि काळ्याखाली शिरतो. पिवळी जाळी मिळते ती यासाठीच. चौथी पट्टी आतून कोरडी, रेषाही शाबूत.

पावसाळ्यात हीच चौथी पट्टी दगा देते. इमल्शन हाताला कोरडं लागतं, पोटात ओल असते, आणि ओलसर थर नीट जखडत नाही. वेळ वाढवून उपयोग शून्य. पंख्याखाली रात्रभर वाळवा, अर्थात अंधारात.

डायझोऐवजी वापरायचं स्वस्तातलं बायक्रोमेट अजून मिळतं. जिलेटिनमधलं बायक्रोमेट उजेडात अविद्राव्य होतं हे छायाचित्रणाचा आद्य संशोधक फॉक्स टॅल्बट याने 1852 मध्येच पाहिलं होतं. पण त्यातलं सहा संयुजेचं क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि धुतलेलं पाणी जाणार मोरीतच. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे मला ते नको.

हल्ली चौकटीच्या लाकडावर पेन्सिलने लिहून ठेवतो: इमल्शनचे दोन हात, दिवा तीस सेंटिमीटरवर, चार मिनिटं.