फेंटानिल नेमकं कोण आणतं?

अमेरिका-मेक्सिको सीमेबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: वाळवंटातून चोरून येणारे स्थलांतरितच फेंटानिल हा अतितीव्र मादक पदार्थ वाहून आणतात. हे खरं नाही.

अमेरिकेतल्या न्यायालयीन शिक्षांची नोंद ठेवणाऱ्या, तिथल्याच शिक्षा आयोगाची आकडेवारी पाहा. २०२१ या आर्थिक वर्षात फेंटानिल तस्करीत दोषी ठरलेल्यांपैकी सुमारे ८६ टक्के अमेरिकी नागरिक होते. कारण साधं आहे. या मादक पदार्थाचे दोन मिलिग्रॅमही जीव घेऊ शकतात, त्यामुळे लाखमोलाचा माल गाडीच्या दारात मावतो. टोळ्यांना पासपोर्ट बाळगणारा, नेहमी ये-जा करणारा चालक सोयीचा. उन्हातान्हात पायी निघालेला, कधीही पकडला जाईल असा माणूस त्या कशाला निवडतील? म्हणूनच पकडला जाणारा बहुतांश साठा अधिकृत नाक्यांवर सापडतो.

तस्करीविरुद्ध दोन्ही देशांचं सहकार्य जुनं आहे, किमान २००८च्या मेरिडा योजनेपासूनचं; तिच्यातून अमेरिका मेक्सिकोला टोळ्यांशी लढायला मदत देत असे. फेब्रुवारी २०२५मध्ये मेक्सिकोनं १०,००० जवान सीमेवर पाठवायचं मान्य केलं, ते सगळीकडे छापून आलं. त्याच बोलणीत मेक्सिकोत जाणाऱ्या अमेरिकी बंदुका रोखण्याचा मुद्दाही होता. तो मात्र फार कमी लोकांपर्यंत पोचला, आणि मला तेच सर्वांत जास्त खटकतं: याच बंदुकांच्या धाकानं कित्येक कुटुंबं घरदार सोडून उत्तरेकडे निघतात.