हंगाम संपल्यावरचा गोल्फ : एकेका फटक्याच्या स्पर्धा कुठून आल्या

गोल्फची मोठी स्पर्धा चार दिवस चालते. ७२ होल (चेंडू घालायची, झेंडा लावलेली भोकं), प्रत्येकाचे पावणेतीनशेच्या आसपास फटके आणि शेवटी हातात उरते ती फक्त बेरीज. तीस पावलांवरून चेंडू झेंड्याजवळ टाकण्यात कोण सरस, हे त्या बेरजेत दिसत नाही. कौशल्य स्पर्धेत एक फटका, एक मोजमाप आणि लगेच निकाल. गोल्फ कधीच न पाहिलेल्यालाही ती कळते, हे तिचं खरं बळ.

सुरुवात लांब फटक्यापासून झाली. अमेरिकेतल्या पीजीए या व्यावसायिक गोल्फ संघटनेच्या अजिंक्यपदाच्या जोडीने ड्राइव्हची, म्हणजे होलच्या सुरुवातीला मारायच्या लांब फटक्याची, वेगळी चुरस लागायची. १९६३ मध्ये डॅलसला अमेरिकी गोल्फपटू जॅक निक्लॉसने लाकडी डोक्याच्या ड्रायव्हरने (लांब फटक्याच्या काठीने) ३४१ यार्ड १७ इंच, म्हणजे ३१२ मीटर चेंडू मारला आणि त्याच आठवड्यात मुख्य स्पर्धाही जिंकली. १९७४ पासून लांब ड्राइव्हची स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली.

पण हंगामाबाहेरच्या गोल्फला प्रेक्षक मिळाला तो १९८३च्या नोव्हेंबरात, ॲरिझोनातल्या ‘स्किन्स गेम’मुळे. अर्नोल्ड पामर, निक्लॉस, गॅरी प्लेअर आणि टॉम वॉटसन असे चौघेच नामवंत खेळाडू. प्रत्येक होलला, तिथे सर्वांत कमी फटके घेणाऱ्याला, स्वतंत्र बक्षीस : पहिल्या सहाला १० हजार डॉलर, पुढच्या सहाला २० हजार, शेवटच्या सहाला ३० हजार. आपल्याकडच्या जत्रेतल्या कुस्ती मैदानासारखीच ही मांडणी. आधी पोरांच्या छोट्या इनामाच्या जोड्या, शेवटी एक नंबरची कुस्ती. फरक एवढाच, की कुस्ती बरोबरीत सुटली तर इनाम तिथेच वाटून टाकतात. स्किन्समध्ये ते पुढच्या होलच्या रकमेत मिळवतात. ताण चढतो तो यामुळे. गॅरी प्लेअरने ३ लाख ६० हजारांपैकी १ लाख ७० हजार नेले. २००८ नंतर बंद पडलेला हा खेळ २०२५ मध्ये पुन्हा भरला.

२०१३ मध्ये जाहीर झालेली ‘ड्राइव्ह, चिप अँड पट’ ही ७ ते १५ वयाच्या मुलामुलींची स्पर्धा. चिप म्हणजे झेंड्याजवळ टाकायचा छोटा उचल फटका, पट म्हणजे चेंडू जमिनीवरून होलकडे घरंगळवणं. तिची अंतिम फेरी मास्टर्स या मोठ्या अमेरिकी स्पर्धेच्या आधीच्या रविवारी होते, म्हणजे ती हंगामाबाहेरची नव्हे; पण साचा पक्का केला तो तिनेच. ड्राइव्ह ४० यार्ड रुंद पट्ट्यात पडला तरच धरायचा, आणि पट ६, १५ व ३० फुटांवरून.

सातारा-सांगलीकडे शाळेत अशी स्पर्धा भरवायची तर मोकळा हंगाम म्हणजे पावसाळा, आणि हा साचा इथे जसाच्या तसा चालत नाही. ड्राइव्हला तीनशे मीटर मोकळं रान लागतं, शाळेच्या मैदानात ते नसतं. ४५ ग्रॅमचा कडक चेंडू भिंतीपलीकडे गेला तर डोकं फुटेल. म्हणून ड्राइव्ह सोडून द्यावा आणि वेजने (चेंडू उंच उचलणाऱ्या काठीने) ४० मीटरवरचा झेंडा गाठायला लावावा. झेंड्याभोवती फक्कीची वर्तुळं आखून गुण दिले, की रेषेवरच्या चेंडूवरून वाद होतात. त्यापेक्षा प्रत्येक चेंडूचं अंतर फितीने मोजावं आणि तीन चेंडूंची बेरीज करावी; कमी तो पुढे. ८ मीटरपलीकडचा चेंडू ८ मीटरच धरावा, नाहीतर एका फसलेल्या फटक्याने पोरगं स्पर्धेतूनच जातं.

कृष्णाकाठच्या काळ्या रानात वाफसा नसेल तर चेंडू पडतो तिथेच रुततो. माण-खटावच्या मुरमाड माळावर तोच कुठेही उसळतो. त्यामुळे चेंडू थांबला तिथून न मोजता पहिल्यांदा टेकला तिथून मोजावं. टिपणाऱ्याने झेंड्याच्या बाजूला, निदान २० मीटर लांब उभं राहावं. वाऱ्याचंही तसंच. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. एकाला सलग तीन चेंडू दिले तर झुळूक निकाल ठरवते. प्रत्येक फेरीला एकच चेंडू द्यावा आणि दुसऱ्या फेरीत क्रम उलटा करावा.

पटिंगसाठी सभागृहात जाड सतरंजी किंवा मॅट चालते. ती आदल्या रात्री पसरून ठेवावी, नाहीतर गुंडाळीची लाट चेंडू वळवते. दोन तुकड्यांचा जोड चेंडूच्या वाटेत येता कामा नये. होलऐवजी १०८ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ आखलं की पुरे. चेंडू आत पडत नसल्याने जोरात मारलेला पट निसटून लांब जातो आणि वेगाचा अंदाज कोणाला आहे ते उघड होतं. बरोबरी झाली तर १५ फुटांवरून एकेक पट, निकाल लागेपर्यंत.