शिंक्यातलं नाट्यगृह

मँचेस्टरच्या रॉयल एक्स्चेंजमध्ये कापसाचे सौदे चालत. अमेरिकेत यादवी युद्ध पेटून तिथला कापूस यायचा थांबला, तेव्हा याच शहराच्या आसपासच्या गिरण्यांनी मुंबईच्या कापसाकडे धाव घेतली होती. १९६८ साली बाजार उठला. मागे उरलं काचेच्या घुमटांखालचं एक अवाढव्य दालन. शेवटच्या दिवसाचे भाव आजही फलकावर तसेच आहेत.

तिथे नाट्यगृह करायचं ठरलं. पहिली अडचण आवाजाची. दालन जेवढं मोठं, तेवढा आवाज जास्त वेळ घुमतो. आवाज शोषणारे पृष्ठभाग वाढवले की घुमणं कमी होतं. वॉलेस सबाइन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात खुर्च्यांच्या गाद्या आणून मांडत हे गणित बसवलं. गायनाला थोडा घुमारा मानवतो, संवादांना नाही. घुमणं सेकंदाभराहून फार लांबलं, की आधीच्या शब्दाचं शेपूट पुढच्या शब्दावर पडतं. एवढ्या दालनाचा घुमारा मारायचा तर भिंती आणि घुमट पडद्यांनी झाकावे लागले असते. आपल्याकडे बहुधा फॉल्स सीलिंग ठोकून मोकळे झाले असते!

इथे दालनाला हात न लावता त्याच्या पोटात पोलाद आणि काचेची एक छोटी सातकोनी खोली बसवली. घनफळ आटलं, आणि रंगमंच मधोमध असल्याने नटाचा आवाज प्रेक्षकाला थेट, जवळून मिळू लागला.

दुसरी अडचण वजनाची. खोली सुमारे १५० टनांची, आणि दालनाच्या जमिनीला तो भार पेलणारा नव्हता. घुमटाचं ओझं पेलणारे चार प्रचंड खांब मात्र भक्कम होते. मग पोलादी नळ्यांच्या कैच्या, म्हणजे छताला असतात तसे जोडसांगाडे, त्या खांबांवर टेकवल्या आणि खोली त्यांना शिंक्यासारखी टांगली. जमिनीवर टेकतात ते फक्त रंगमंच आणि खालच्या खुर्च्या. वरचे दोन्ही सज्जे अधांतरी. माझ्या मते या इमारतीची खरी अक्कल इथे आहे: तिची जी बाजू दुबळी होती, तिच्यावर जोरच दिला नाही. १९७६ साली लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या हस्ते उद्घाटन झालं.

१९९६ मध्ये जवळच आयआरए या आयरिश सशस्त्र संघटनेचा बॉम्ब फुटला आणि घुमट जागचा हलला. दुरुस्तीला दोन वर्षांहून अधिक काळ लागला. तोवर मंडळींनी आपलं फिरतं नाट्यगृह शहरातल्या दुसऱ्या एका जुन्या मंडईत उभारलं आणि प्रयोग चालू ठेवले.