सरकारी रानातलं मचाण कुणाचं?

अमेरिकेत हरणांच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की एक जुनं भांडण नव्याने पेटतं. सरकारी जंगलात आधीपासून टांगून ठेवलेल्या मचाणामुळे ती जागा टांगणाऱ्याची होते का? बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसाच हा प्रकार, फक्त इथे दोन्ही बाजूंच्या हातात बंदूक असते.

पूर्वी मचाण म्हणजे झाडाला ठोकलेल्या फळ्या. ठोकणारा निघून जायचा, फळ्या कुजायच्या आणि खोडात रुतलेले खिळे पुढे आरागिरणीत करवतीचं पातं मोडायचे. केंद्र सरकारच्या वन्यजीव आश्रयस्थानांत झाडाला खिळे ठोकायला आता बंदीच आहे. सत्तरच्या दशकापासून पाठीवर नेता येणारी धातूची मचाणं पसरली, त्यामुळे 'संपलं की काढून न्या' हे सांगणं तरी शक्य झालं.

बदकांच्या शिकारीसाठी पाण्यात उभारलेल्या आडोशांची, म्हणजे लपणांची, कथा आणखी गमतीची आहे. टेनेसीतलं रीलफूट तळं १८११-१२ च्या भूकंपांनी तयार झालं. एका जमीन कंपनीने त्यावर मालकी सांगितली, तेव्हा १९०८ मध्ये स्थानिक लोकांनी बुरखे घालून धुमाकूळ घातला आणि कंपनीच्या बाजूच्या एका वकिलाला ठार मारलं. पुढे तळं राज्याच्या ताब्यात आलं, सर्वांचं झालं. आणि त्याच तळ्यातली कित्येक कायमची लपणं नोंदणीच्या जोरावर वर्षानुवर्षं त्याच कुटुंबांकडे राहिली!

आजचा खरा वाद मात्र विस्कॉन्सिनमधल्या एका सवलतीवरून समजतो. तिथे राज्याच्या जमिनीवरचं मचाण रोज संध्याकाळी उतरवावं लागायचं. मग सवलत मिळाली: ६४ क्रमांकाच्या महामार्गाच्या उत्तरेला ते रात्रभर ठेवता येईल. एका जिल्ह्यात माणशी दोनच, आणि त्यावर नाव-पत्ता किंवा ओळख क्रमांक जमिनीवरून वाचता येईल असा लावायचा. दक्षिणेला जुनाच नियम. उत्तरेला रान अफाट, दक्षिणेला तुकड्यातुकड्यांचं आणि गर्दीचं, म्हणून ही रेघ. जिल्ह्यांच्या आणि केंद्राच्या जंगलांचे नियम पुन्हा वेगळे, म्हणजे एकाच सकाळी चालत चालत तीन कायदे ओलांडता येतात. वय झालेल्या शिकाऱ्याला पहाटेच्या अंधारात अवजड मचाण वाहून न्यावं लागू नये, हा सवलतीमागचा युक्तिवाद पटण्यासारखा आहे. पण नावाची चिठ्ठी लागली की ती मालकीची पाटी वाटू लागते. मचाण ठेवल्याने जागा राखीव होत नाही, हे अनेक राज्यांत वारंवार सांगावं लागतं ते त्यामुळेच. चार ठिकाणी मचाणं टांगून त्यातल्या तीनांवर कधीच न चढणारे लोक सगळीकडे असतात. उशिरा येणाऱ्याने त्यांच्यासाठी रान का सोडावं?

मचाण ठेवण्याच्या मुदतीही राज्यागणिक बदलतात. पेनसिल्व्हेनियात राज्याच्या शिकारभूमीवर हरणांच्या पहिल्या हंगामाआधी दोन आठवडे ते शेवटच्या हंगामानंतर दोन आठवडे. मिसुरीत १ सप्टेंबर ते ३१ जानेवारी.

मुदत उलटूनही लटकत राहिलेल्या मचाणाचे पट्टे उन्हाने विरतात, खारी कुरतडतात आणि वाढत्या खोडावर ताणले जातात. म्हणूनच, नियमाने मोकळीक असली तरी दुसऱ्याच्या रिकाम्या मचाणावर चढू नये, असं जाणते शिकारी बजावतात. हा सल्ला सौजन्यापेक्षा हाडं मोडण्याच्या भीतीतून आलेला आहे.