बीटलचं इंजिन मोठं करायचं, पण किती?

जुनी फोक्सवॅगन बीटल हाती आली, पत्र्याचं काम आणि रंग उरकला, की मालकाचं लक्ष इंजिनाकडे वळतं. बाराशे सीसीचं मूळ इंजिन हायवेला दमतं आणि घाटात मागे गाड्यांची रांग लागते. मग चौकशी सुरू होते आणि आकडे कानावर पडायला लागतात: १६००, १७७६, १९१५, २११०, आणि टाइप ४ नावाचं वेगळंच इंजिन. नव्या माणसाला यातला मोठा आकडा तो चांगला असं वाटतं. पण हे आकडे कुठून आले ते पाहिलं तर लक्षात येतं की बीटलच्या इंजिनात ताकद वाढवणं कधीच फार अवघड नव्हतं. त्या ताकदीबरोबर येणारी उष्णता बाहेर कशी काढायची, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता आणि आजही तोच आहे.

हे इंजिन १९३०च्या दशकात फर्डिनांड पोर्शे यांच्या श्टुटगार्टच्या कार्यालयात जन्माला आलं. त्याच्या आराखड्याचं श्रेय फ्रान्झ राइमश्पीस या अभियंत्याकडे जातं. चार सिलिंडर, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, आडवे झोपलेले. वर डायनामो आणि त्याच्याच दांड्यावर पत्र्याच्या आवरणात फिरणारा पंखा. पाणी नाही, रेडिएटर नाही, म्हणजे जर्मनीच्या हिवाळ्यात गोठायला काही नाही. क्षमता ९८५ सीसी होती. युद्धकाळात ती ११३१ सीसी झाली आणि युद्धानंतर वोल्फ्सबुर्गचा कारखाना ब्रिटिश लष्कराचे मेजर आयव्हन हर्स्ट यांच्या देखरेखीखाली पुन्हा उभा राहिला, तेव्हा हेच २५ हॉर्सपॉवरचं इंजिन गाड्यांना बसत होतं.

ही २५ हॉर्सपॉवर मिनिटाला ३,३०० फेऱ्यांवर मिळायची. ६४ मिलिमीटरच्या स्ट्रोकला, म्हणजे पिस्टनच्या एका धावेला, त्या फेऱ्यांवर पिस्टनचा सरासरी वेग निघतो सेकंदाला जेमतेम ७ मीटर. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, ५.८ला १, कार्ब्युरेटर एकच आणि तोही लहान. अभियंत्यांनी इंजिनाचा श्वास मुद्दाम आवळून ठेवला होता. ऑटोबान या जर्मन महामार्गावर पाय तळाला लावून तासन्‌तास चालवली तरी गाडी तापू नये, हा हेतू होता. पंखा जेवढी उष्णता बाहेर फेकू शकेल तेवढीच ताकद इंजिनाने द्यायची, असा तो हिशोब होता आणि तो अतिशय विचारपूर्वक केलेला होता. पुढे ज्यांनी ज्यांनी ताकद वाढवली, त्यांना हा हिशोब नव्याने मांडावा लागला.

सुरुवात युरोपातच झाली. पोर्शे कुटुंबाने १९४८ साली आपली पहिली ३५६ गाडी केली ती फोक्सवॅगनच्याच इंजिनाचे भाग वापरून. त्यामुळे ३५६चं इंजिन बीटलमध्ये बसवणं हा अनेक वर्षं सर्वांत सरळ मार्ग होता. आज त्या इंजिनाची किंमत पाहता तो मार्ग बंद झाल्यातच जमा आहे. दुसरीकडे फ्रँकफर्टजवळ गेरहार्ड ओटिंगर यांच्या ओक्रासा या कंपनीने १९५०च्या दशकात बीटलसाठी पूर्ण संच विकायला काढला. मूळ हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या तोंडावर बसणाऱ्या व्हॉल्व्हच्या भागात, दोन सिलिंडरना मिळून हवा घेणारी एकच वाट होती. ओटिंगरनी प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र वाट दिली, दोन कार्ब्युरेटर लावले आणि ६९.५ मिलिमीटर स्ट्रोकचा क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो फिरणारा दांडा, दिला. खुद्द कारखान्याने ६९ मिलिमीटरचा क्रँक बीटलमध्ये आणला १९६६च्या मॉडेलला आणि दोन वाटांचं हेड १९७१च्या मॉडेलला. एका छोट्या कंपनीने कारखान्याच्या इतकी वर्षं आधी योग्य दिशा ओळखली, याचं श्रेय ओटिंगरना पुरेसं दिलं जात नाही असं मला वाटतं.

अमेरिकेत गोष्ट वेगळ्या टोकाने सुरू झाली. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडचे फोक्सवॅगन विक्रेते जो व्हिटोन यांच्या लक्षात आलं की व्हॉल्व्ह गाइड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या, झिजले की अख्खं हेड फेकून द्यावं लागतं, कारण कारखाना सुटे गाइड देतच नाही. त्यांनी ते स्वतः बनवून घेतले. त्या छोट्याशा भागातून एम्पी ही कंपनी उभी राहिली आणि साठच्या दशकात तिच्या ‘इंच पिंचर’ या बीटलने ड्रॅग शर्यतीत, म्हणजे सरळ रेषेतल्या पाव मैलाच्या शर्यतीत, मोठमोठ्या अमेरिकन गाड्यांना मागे टाकलं. १९६७ साली बाहा कॅलिफोर्नियातली मेक्सिकन १००० ही शर्यत मायर्स मँक्स या बीटलच्या सांगाड्यावर बांधलेल्या बग्गीने जिंकली. पाव मैलाची शर्यत आणि वाळवंटातली सलग सत्तावीस तासांहून लांब शर्यत, दोन्हींना मूळ इंजिन तेच. पण पाव मैलात इंजिन तापायला वेळच मिळत नाही. म्हणूनच ड्रॅग शर्यतीवाल्यांची इंजिनं रोजच्या गाडीला तशीच्या तशी लावू नयेत.

कारखाना मात्र सावकाश पुढे सरकत होता. १९५४मध्ये बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७५वरून ७७ मिलिमीटर करून ११९२ सीसी आणि ३० हॉर्सपॉवर. १९६०च्या ऑगस्टमध्ये नवी क्रँककेस (क्रँक सामावणारं इंजिनाचं मुख्य धड) आणि ३४ हॉर्सपॉवर. पुढे १२८५ सीसीला ४०, १४९३ सीसीला ४४ आणि शेवटी १५८४ सीसी आणि दोन वाटांच्या हेडला ५०. जुन्या अमेरिकन कागदपत्रांत हेच आकडे ३६, ४०, ५०, ५३, ६० असे दिसतात, कारण तिथे मोजायची पद्धत वेगळी होती. दोन इंजिनांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे आहेत ना, ते आधी बघावं.

क्षमता वाढत गेली तसं एक दुखणं ठळक होत गेलं: तीन नंबरचा सिलिंडर. डावीकडचा, गिअरबॉक्सच्या बाजूचा. ऑइल कूलर पंख्याच्या आवरणाच्या आत, नेमका याच सिलिंडरच्या वर उभा असायचा. पंख्याची हवा आधी कूलरमधून जायची, तिथे गरम व्हायची, अडायची आणि मग तीन नंबरला मिळायची. बाकीच्या तिघांना ताजी हवा, याला उरलेली. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून तापून अशक्त व्हायचा, त्याचं डोकं तुटून पिस्टनवर पडायचं आणि पिस्टनला भोक पडायचं. अशी खोललेली इंजिनं पाहिलेला मेकॅनिक ते दृश्य विसरत नाही. २५ हॉर्सपॉवरला ही रचना चालून गेली. ५०ला चालेना. १९७१च्या मॉडेलला कारखान्याने कूलर मुख्य प्रवाहातून बाजूला काढला, त्याला पत्र्याची स्वतंत्र पेटी दिली, त्याची गरम हवा थेट बाहेर सोडली आणि पंखाही रुंद केला. या रचनेला डॉगहाउस म्हणतात. माझ्या मते बीटलच्या इंजिनातली ती सर्वांत मोलाची सुधारणा आहे, आणि ती जुन्या इंजिनालाही लावता येते.

आता त्या आकड्यांकडे. क्रँक मूळ ६९ मिलिमीटरचाच ठेवून बोअर ९०.५ केला की १७७६ सीसी होतात, ९४ केला की १९१५. क्रँक ८२चा घेतला आणि बोअर ९०.५ ठेवला तर २११०. सोळाशेच्या इंजिनाला ८८ मिलिमीटरचे सिलिंडर क्रँककेस न कापता सरकवता येतात, म्हणजे केस न उघडता, हाफ इंजिनच्या कामात भागतं. मोह होतो, पण त्या सिलिंडरची भिंत पातळ असते, ती तापली की वाकडी होते आणि रिंगा तेल खायला लागतात. ९२च्या जुन्या सिलिंडरचंही तेच. ९०.५ आणि ९४ला केस आणि हेड मशीनवर कापावे लागतात, फुल इंजिन खोलावं लागतं, पण भिंत जाड मिळते. शिवाय केस मॅग्नेशियमची. हेडचे स्टड तापून थंड होत राहिले की मऊ धातूतले आटे निघून येतात, म्हणून तिथे पोलादी बुश बसवल्याशिवाय मोठं इंजिन बांधूच नये. मूळ क्रँकला काउंटरवेट, म्हणजे तोल राखणारी वजनं, नसतात. चार हजार फेऱ्यांपर्यंत ते खपतं, त्यापुढे क्रँक लवतो आणि केसचे बेअरिंग ठोकले जातात. ८२च्या क्रँकला ५,५०० फेऱ्यांवर पिस्टनचा वेग सेकंदाला १५ मीटर होतो, राइमश्पीस यांच्या हिशोबाच्या दुप्पट. तेल मात्र तेच अडीच लिटर, आणि गाळायला साधी जाळी.

ही मर्यादा फोक्सवॅगनलाही दिसत होती. १९६८च्या ४११ गाडीसाठी त्यांनी टाइप ४ हे इंजिन नव्याने आखलं: ॲल्युमिनियमची केस, जाड बेअरिंग, खरा ऑइल फिल्टर. ते पुढे पोर्शे ९१४ आणि फोक्सवॅगनच्या कॉम्बी व्हॅनला लागलं आणि दोन लिटरपर्यंत गेलं. टिकाऊपणात ते उजवं आहे यात शंका नाही. पण त्याचा पंखा क्रँकच्या टोकाला, मागच्या बाजूला. बीटलच्या इंजिन खणात बसवायचं तर पंख्याची सगळी मांडणी बदलावी लागते, आणि वजनही वाढतं. याशिवाय सुबारूचं पाण्यावर थंड होणारं इंजिन बसवणारे आहेत, आणि २०१९ साली फोक्सवॅगनने स्वतःच ३६.८ किलोवॉट-तासांच्या बॅटरीची विजेवरची बीटल फ्रँकफर्टला दाखवली. गाड्या म्हणून त्या चांगल्या असतील, पण मागून येणारा तो आवाज त्यात नाही, आणि मला तो हवा असतो.

आपल्याकडच्या मालकाला आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली हवा. मे महिन्यात विदर्भात पंखा जी हवा ओढतो तीच चाळीस अंशांच्या वर असते. आणि पंखा इंजिनाच्याच फेऱ्यांवर फिरतो, त्यामुळे खंडाळ्याच्या चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन दाबत नेलं तर ताकद जास्त लागते आणि वारा कमी मिळतो. मोठं इंजिन आहे म्हणून गिअर न उतरवण्याची सवय इथेच महागात पडते. गिअर उतरवा, फेऱ्या चढू द्या. इंजिनाभोवतीचे सगळे पत्रे आणि कडेचं रबर जागेवर हवं, नाहीतर खालची तापलेली हवा वर येऊन पंखा तीच पुन्हा ओढतो. अनेक गाड्यांत हे पत्रे मधल्या काळात ‘नको असलेले’ म्हणून काढून टाकलेले आढळतात.

दुसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते, कारण आरसी बुकात इंजिन नंबर असतो. २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो, पण गाडी मूळ स्वरूपात हवी, अशी अट आहे. बीटलचा इंजिन नंबर डायनामोच्या स्टँडखाली क्रँककेसवरच ठोकलेला असतो. केस बदलली की तो नंबरही गेला.

म्हणून आपल्या रस्त्यांवर रोज वापरायच्या गाडीसाठी माझी पसंती साधी आहे: दोन वाटांचं हेड, डॉगहाउस कूलर, काउंटरवेट असलेला ६९चा क्रँक, सौम्य कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि बाहेरून जोडलेला ऑइल फिल्टर. सीसी १५८४ असले तरी पुरे, फार तर १७७६. गाडी १९६७च्या आधीची सहा व्होल्टची असेल तर तिचं फ्लायव्हील १८० मिलिमीटरच्या क्लचचं असतं. नंतरच्या इंजिनाचं २००चं, ते गिअरबॉक्सच्या तोंडात आतून घासल्याशिवाय बसत नाही आणि स्टार्टरचाही प्रश्न येतो, हे इंजिन आणण्याआधी मेकॅनिकशी बोलून घ्यावं. आणि मूळ बाराशेची केस, ती कितीही झिजलेली असली तरी, भंगारात देऊ नये. तेल लावून, गुंडाळून, गाडीच्या कागदपत्रांइतकीच जपून ठेवावी.